कुटुंबाच्या ट्रस्टमधला विश्वस्त बदलायचा कसा: न्यासपत्रापासून सातबाऱ्यापर्यंत

थोरले काका गेले आणि वर्षभरात आमच्या ट्रस्टच्या शेतावर त्यांच्या दोन्ही मुलांची नावं वारस म्हणून लागली. लबाडी कुणी केली नव्हती. चुलतभावांनी वडिलांच्या नावावरच्या सगळ्या गटांची वारस नोंद व्हावी म्हणून अर्ज दिला, सातबाऱ्यावर काकांचं नाव होतंच, नोटीस निघाली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर केला. घोळ एवढाच की ती जमीन काकांची नव्हतीच. काका तिचे विश्वस्त होते. आणि ‘विश्वस्त’ हा शब्द सातबाऱ्यावर कुणी कधी चढवलाच नव्हता.

ते निस्तरताना मी जे शिकलो ते इथे सांगतो. विश्वस्त बदलणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. एक, नव्या माणसाची कायदेशीर नेमणूक. दोन, जुन्या माणसाचं नाव जिथे जिथे लिहिलेलं आहे त्या प्रत्येक दप्तरात जाऊन ते बदलून घेणं. पहिलं काम वकील करून देतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. दुसरं काम कुणाच्याच अंगावर नसतं.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. आजोबांनी 1996 मध्ये नोंदणीकृत न्यासपत्र (ट्रस्ट डीड) करून साताऱ्यातलं घर आणि गावाकडची सव्वादोन एकर जमीन धाकट्या आत्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवली. आत्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तिच्या हयातीत उत्पन्न तिच्या संगोपनाला, तिच्यामागे मिळकत आम्हा नातवंडांना. विश्वस्त तीन: थोरले काका, आजोबांचे एक वकील स्नेही आणि मोठ्या आत्याचा मुलगा. पंचवीस वर्षांत काय झालं? काका वारले, वकीलकाका चौऱ्याऐंशीचे झाले आणि “आता मला मोकळं करा” म्हणू लागले, आत्तेभाऊ अमेरिकेत स्थायिक झाला. म्हणजे विश्वस्त बदलण्याची जी तीन नेहमीची कारणं असतात ती तिन्ही आमच्या एकाच ट्रस्टमध्ये.

आधी बघा, तुमचा ट्रस्ट कोणता

हा लेख खासगी ट्रस्टबद्दल आहे. ठरावीक माणसांच्या, बहुधा कुटुंबातल्याच कुणाच्या भल्यासाठी केलेला. त्याला भारतीय न्यास अधिनियम, 1882 लागू होतो. मिळकत स्थावर असेल तर असा ट्रस्ट नोंदणीकृत लेखाने किंवा मृत्युपत्रानेच होतो (कलम 5). साध्या कागदावर लिहून कपाटात ठेवलेलं न्यासपत्र हाती आलं, तर विश्वस्त बदलण्याआधी ट्रस्ट झालाय का हाच प्रश्न आहे, आणि तो घेऊन थेट वकिलाकडे जा.

देऊळ, शाळा, वाचनालय, धर्मशाळा यांचा ट्रस्ट सार्वजनिक. तिथली वाट निराळी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 चं कलम 22, बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, मग सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांचा आदेश आणि त्यानंतर परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवं नाव. उशीर झाला तर कारण दाखवून, खर्च भरून तो माफ करून घेता येतो. आणि घरातल्या कुलदैवताच्या खासगी देवस्थानाचा ट्रस्ट असेल तर खासगी असूनही 1882 चा कायदा त्याला लागू नाही, कारण धार्मिक आणि धर्मादाय देणग्या पहिल्याच कलमात वगळलेल्या आहेत.

अमेरिकेतल्या वाचकांचा एक गोंधळ इथेच दूर करतो, कारण आमच्या आत्तेभावाचाही तो झाला होता. कॅलिफोर्नियात घरकर्ज घेताना ‘डीड ऑफ ट्रस्ट’वर सही करतात. तो मुळात तारणाचा कागद. त्यातला ट्रस्टी कर्ज फिटेपर्यंत नावापुरता हक्क धरून असतो आणि तो बदलण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याचा. तसा कागद काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवला की बदल झाला. घरी असं पत्र आलं तर बहुधा कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्यासाठी किंवा जप्तीच्या तयारीसाठी ते असतं, त्यामुळे नीट वाचावं. पण साताऱ्यातल्या न्यासपत्राशी त्याचं नावापुरतंच साम्य.

न्यासपत्र शेवटापासून वाचा

सगळे सुरुवातीचं पान वाचतात: कुणी, कुणासाठी, कोणती मिळकत. आपल्या कामाची कलमं शेवटी असतात. पेन्सिल घेऊन बसा आणि चार गोष्टी शोधा. नवा विश्वस्त नेमण्याचा अधिकार कुणाला दिलाय? विश्वस्तांची किमान-कमाल संख्या किती? निवृत्त होण्याची काही रीत सांगितलीय का? आणि निर्णय एकमताने की बहुमताने?

शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. सार्वजनिक संस्थांच्या सवयीने आपण धरून चालतो की तिघांपैकी दोघांनी सह्या केल्या की ठराव झाला. खासगी ट्रस्टमध्ये तसं नाही. न्यासपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर कलम 48 प्रमाणे सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच काम करायचं असतं. अमेरिकेतला आत्तेभाऊ फोन उचलत नाही म्हणून उरलेल्यांनी घर भाड्याने दिलं, तर तो करार लंगडा.

न्यासपत्रात नेमणुकीबद्दल काहीच नसेल (आमच्यात नव्हतं) तर कलम 73 उपयोगी पडतं. त्यातली उतरंड अशी: न्यासपत्राने ज्याला नेमणुकीचा अधिकार दिला तो, तो नसेल किंवा तयार नसेल तर न्यासकर्ता (ट्रस्ट करणारा) स्वतः, हयात आणि करार करण्यास सक्षम असल्यास, नाहीतर उरलेले विश्वस्त, आणि सगळेच गेले असतील तर शेवटच्या विश्वस्ताचा कायदेशीर प्रतिनिधी. शेवटची पायरी गमतीची आहे. विश्वस्ताच्या मुलाला मिळकतीत छदाम मिळत नाही, पण बाप शेवटचा विश्वस्त असेल तर पुढचा विश्वस्त नेमायचा अधिकार मात्र त्याच्याकडे येतो. पुष्कळ घरांत हे उलटं समजतात: मिळकत आपली, जबाबदारी कुणाचीच नाही.

जागा रिकामी झाली असं केव्हा म्हणायचं

मृत्यू सोपा. दाखला असतो. आणि एक विश्वस्त वारला म्हणून ट्रस्ट थांबत नाही. न्यासपत्रात उलट काही नसेल तर मिळकत उरलेल्या विश्वस्तांकडे राहते (कलम 76). नेमणूक होईपर्यंत घरभाडं घेणं, कर भरणं चालू ठेवता येतं.

परदेशाचा मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो. विश्वस्त सलग सहा महिने भारताबाहेर असला, किंवा कायम राहण्यासाठी परदेशी गेला, तर त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. विलायतेला बोटीने जायच्या काळातला हा कायदा, पण आज न्यू जर्सी आणि पुण्यात वाटल्या गेलेल्या मराठी कुटुंबांना नेमका बसतो. मात्र हे आपोआप होत नाही. ‘नेमता येतो’ असं कायदा म्हणतो. नेमेपर्यंत परदेशातला माणूस विश्वस्तच राहतो आणि त्याची सही लागते.

आता वकीलकाकांची गोष्ट. त्यांनी एका संध्याकाळी लेटरहेडवर राजीनामा लिहून माझ्या हातात दिला. मी तो फाइलला लावला आणि काम झालं समजलो. खासगी ट्रस्टच्या कायद्यात नुसत्या राजीनाम्याला जागा नाही. एकदा विश्वस्तपद स्वीकारलं की ते सोडायचे रस्ते तीनच (कलम 46): दिवाणी न्यायालयाची परवानगी, लाभार्थी करार करण्यास सक्षम असल्यास त्याची संमती, किंवा न्यासपत्रातच दिलेला तसा अधिकार. आमची लाभार्थी आत्या. तिची संमती कायद्याच्या दृष्टीने घेताच येत नाही, आणि तिच्या वतीने मी किंवा बाबांनी सही केली तरी ती चालणार नाही.

मग मार्ग? कलम 71 मध्ये विश्वस्त मोकळा होण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत त्यांत एक आहे: त्याच्या जागी या कायद्याप्रमाणे नवा विश्वस्त नेमला जाणं. आणि कलम 73 मधल्या कारणांत ‘मोकळं व्हायची इच्छा’ हेही आहे. म्हणजे नुसतं उठून जाता येत नाही, पण जागेवर दुसरा बसला की उठता येतं. वकीलकाकांचं पत्र आम्ही राजीनामा म्हणून न वापरता ‘निवृत्तीची इच्छा’ म्हणून नेमणुकीच्या दस्ताला जोडलं.

क्रम चुकवू नका

तिघेही बदलायचे असले की वाटतं, एकाच दिवशी, एकाच कागदावर उरकून टाकू. आम्हीही तसाच मसुदा केला होता. पण सगळे विश्वस्त एकाच वेळी निवृत्त होत असतील तर नवे नेमायला न्यायालयाची संमती लागते, असं कलम 73 सांगतं. त्यासाठी जिल्हा न्यायालयाची पायरी चढायची गरज नव्हती. आम्ही तीन दस्त केले, एकापाठोपाठ एक. आधी वकीलकाका आणि आत्तेभाऊ या दोघांनी मिळून काकांच्या रिकाम्या जागी पहिला नवा विश्वस्त नेमला. मग तो नवा आणि वकीलकाका यांनी आत्तेभावाच्या जागी दुसरा. शेवटी दोन्ही नव्यांनी वकीलकाकांच्या जागी तिसरा. प्रत्येक वेळी मागे राहणारा कुणीतरी होता, म्हणून न्यायालय लागलं नाही.

यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. सर्वांत म्हातारा किंवा आजारी विश्वस्त हयात आहे तोवर पहिला दस्त उरका. तो गेला की उरलेल्यांवर भार, आणि उरलेला एकच असून तो परदेशात असेल तर अवघडच.

न्यायालयात जावंच लागलं तर कलम 74 आहे: कलम 73 प्रमाणे नेमणूक करणं व्यवहारात अशक्य असेल तर लाभार्थी दावा न लावता नुसत्या अर्जावर न्यायालयाकडून विश्वस्त नेमून घेऊ शकतो. न्यायाधीश न्यासकर्त्याची इच्छा, नेमणुकीचा अधिकार असलेल्याची इच्छा आणि सगळ्या लाभार्थींचं हित बघतात. भांडण असलेल्या घरांत हाच मार्ग बरा. विश्वस्त हटत नाही, हिशेब देत नाही, भाडं खिशात घालतो, अशा प्रकरणाला हा लेख पुरणार नाही. तिथे पदाला अपात्र ठरवून घ्यायला न्यायालयच हवं.

कुणाला नेमायचं

मला स्वतःला विश्वस्त व्हायला सांगण्यात आलं आणि मी लगेच हो म्हणालो. नंतर लक्षात आलं की आत्याच्या मागे मिळकत ज्यांना जाणार त्यांत मी आहे. आत्यावर जितका कमी खर्च, तितकं माझ्या वाट्याला जास्त. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण कायदा मनात काय आहे ते विचारत नाही: लाभार्थीच्या हिताशी ज्याचं हित टक्कर घेतं तो योग्य विश्वस्त नव्हे, असं कलम 60 च्या स्पष्टीकरणात आहे. परदेशात स्थायिक असलेला आणि दिवाळखोरीच्या अवस्थेतला माणूसही त्याच यादीत. म्हणून मी एकटा न राहता दोन बाहेरच्यांना घेतलं: आईची मामेबहीण, जी बँकेतून निवृत्त झाली आहे, आणि कुटुंबाचे जुने चार्टर्ड अकाउंटंट. मामेमावशी हिशेबाला इतकी कडक आहे की दुधाच्या बिलावर तारीख नसेल तर परत पाठवते.

पैशाची देवघेव असेल तिथे किमान दोन विश्वस्त असावेत, हेही तिथेच सांगितलंय. मी तर म्हणेन तीन, आणि त्यांतला एक तरी बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान.

नव्या माणसाला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. न्यासपत्रात तरतूद नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही (कलम 50). आणि आधीच्या विश्वस्ताच्या चुकांचं ओझं केवळ त्याच्या जागी आल्यामुळे त्याच्यावर येत नाही (कलम 25). दुसरी गोष्ट ऐकल्यावर अकाउंटंटसाहेब तयार झाले.

नेमणुकीचा दस्त

कायदा फक्त एवढंच म्हणतो की नेमणूक लेखी आणि नेमणाऱ्याच्या सहीची असावी. पण मिळकत स्थावर असेल तर माझा आग्रह: नोंदणी करा. नोटरी केलेला कागद तलाठ्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक जण उलटसुलट करून बघतो. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) दाखवला की प्रश्न निम्मे होतात.

मसुद्यात मूळ न्यासपत्राचा दस्त क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालय, आजवरच्या विश्वस्तांची साखळी, जागा का रिकामी झाली, कोणत्या अधिकाराने नेमणूक होते आहे, नव्या विश्वस्ताचा स्वीकार आणि मिळकतीचं पूर्ण वर्णन (गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा) एवढं यायलाच हवं. मुख्य परिच्छेद आमच्याकडे साधारण असा होता:

“ज्याअर्थी सदर न्यासाचे एक विश्वस्त दिनांक … रोजी मयत झाले असून त्यांची जागा रिक्त आहे, व ज्याअर्थी न्यासपत्रात नवीन विश्वस्त नेमण्याचा अधिकार कोणाही विशिष्ट व्यक्तीस दिलेला नाही व न्यासकर्ते हयात नाहीत, त्याअर्थी आम्ही लिहून देणार, न्यासाचे विद्यमान विश्वस्त, भारतीय न्यास अधिनियम, 1882 चे कलम 73 अन्वये श्रीमती … यांची सदर रिक्त जागी विश्वस्त म्हणून नेमणूक करीत आहोत. कलम 75 अन्वये न्यासाची सर्व मिळकत त्यांचे ठायी आमचेसह संयुक्तपणे निहित झाली आहे. सदर मिळकतीत मयत विश्वस्तांचा अगर त्यांचे वारसांचा कोणताही वैयक्तिक मालकी हक्क नव्हता व नाही.”

‘निहित’, म्हणजे कायद्यानेच त्याच्या हाती आलेली, हा शब्द मुद्दाम. आमच्या पहिल्या मसुद्यात टंकलेखकाने सवयीने ‘हस्तांतरित करीत आहोत’ असं घातलं होतं. तसं लिहिलं की मुद्रांक बघणाऱ्याला खरेदीखतासारखा वास येतो. नवा विश्वस्त नेमला की मिळकत कलम 75 मुळे आपोआप त्याच्याकडे निहित होते. आपण काही विकत नाही, देत नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात अधिकाराचा वापर करून केलेल्या विश्वस्ताच्या नेमणुकीला स्वतंत्र नोंद आहे. तरी रकमेबद्दल शंका असेल तर मसुदा घेऊन कलम 31 खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागतो ते ठरवून घ्यायला, जा. महिनाभर जाईल, पण नंतर कमी मुद्रांकाचं झेंगट मागे लागत नाही.

नोंदणी सहीपासून चार महिन्यांत करायची. दंड भरून आणखी चार महिने मिळतात, पण तिथवर जाऊ नका. नव्या विश्वस्तालाही सही करायला आणि अंगठा द्यायला न्या. स्वीकार नुसत्या वागण्यातूनही सिद्ध होतो, पण दस्तावर असलेला बरा.

परदेशातल्या विश्वस्ताची सही

सर्वांत सोपं म्हणजे तो सुट्टीवर येईपर्यंत थांबणं. आमचा आत्तेभाऊ दिवाळीला येणार होता; आम्ही दोन महिने थांबलो आणि पाडव्यानंतरच्या सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात त्याचा नंबर लावला.

थांबणं शक्य नसेल तर दस्तावर सही त्याने तिकडे स्वतः करावी आणि नोंदणी कार्यालयात तो दस्त हजर करून कबुली देण्यापुरतं कुलमुखत्यारपत्र इकडच्या कुणाला द्यावं. ते भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर साक्षांकित करून घ्यायचं, भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. परदेशात सही झालेल्या दस्ताच्या नोंदणीचे चार महिने तो भारतात पोचल्यापासून मोजता येतात. फरक लक्षात ठेवा: मुखत्याराने कागद हजर करायचा, विश्वस्त कोण नेमायचा ते ठरवायचं नाही. विश्वस्ताला आपलं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही (कलम 47). “माझ्या वतीने ट्रस्टचे सर्व निर्णय घ्यावेत” असं सरसकट मुखत्यारपत्र लोक करतात, आणि त्यावर केलेले व्यवहार पुढे अडकतात.

आता खरं काम: दप्तरं

इथून पुढे पायाला भिंगरी. नोंदणीकृत दस्ताच्या प्रमाणित प्रती एकदम पाच-सहा काढून घ्या.

शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) अर्ज, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे हक्कातला बदल तीन महिन्यांत कळवायचा असतो. दस्त नोंदवला म्हणजे फेरफार आपोआप धरला जाईल या भरवशावर राहू नका. खरेदीखताच्या बाबतीत बहुधा तसं होतं, विश्वस्ताच्या नेमणुकीचा दस्त मात्र कुणाच्या ओळखीचा नसतो. अर्जासोबत न्यासपत्र, नेमणुकीचा दस्त, मृत्यूचा दाखला आणि चालू सातबारा जोडा. नवा विश्वस्त शेतकरी आहे का, हा प्रश्न कुळकायद्यामुळे निघू शकतो, कारण शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असं तो सांगतो. त्याच्या नावचा सातबारा असेल तर सोबत ठेवा, नसेल तर तो स्वतःसाठी जमीन घेत नाही, विश्वस्त म्हणून धरतो आहे, हे अर्जात ठळक लिहा.

आणि नाव कसं लागायला हवं ते अर्जात शब्दशः लिहून द्या. खासगी ट्रस्ट हा कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नव्हे, मिळकत विश्वस्तांच्या नावानेच असते. म्हणून नावापुढे ‘विश्वस्त, अमुक न्यास’ आलंच पाहिजे. जुन्या सातबाऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं असतात, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या अक्षरांनी कित्येक धाकट्या भावांचे हिस्से वाचले. ‘विश्वस्त’ हा शब्द तेच काम करतो. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून पुढचं रामायण.

शहरातल्या घराला सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), त्यासाठी नगर भूमापन कार्यालय, पद्धत तशीच. नगरपालिकेच्या करआकारणी विभागात नाव बदला, वीजबिल बदला. फ्लॅट असेल तर सोसायटीला पत्र आणि भागपत्रावर नोंद. भाडेकरूला सगळ्या विश्वस्तांच्या सहीचं पत्र द्या की आता भाडं अमुक खात्यात भरावं. नाहीतर तो सरळ मनाने मयताच्या मुलाच्या हातात रोख ठेवत राहतो.

बँकेने सर्वांत जास्त हेलपाटे घालायला लावले. मृत्यू कळवला की खात्याचे व्यवहार थांबतात, म्हणून आधी दस्त तयार ठेवा आणि एकाच भेटीत मृत्यूचा दाखला, दस्त, नव्या विश्वस्तांचे केवायसी आणि व्यवहार कुणाच्या सह्यांनी चालणार याचा सर्वांच्या सहीचा ठराव द्या. आमच्या शाखेने आधी धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र मागितलं. खासगी ट्रस्टला ते नसतंच, हे पटवायला तीन भेटी लागल्या. शेवटी लेखी मागणी द्या म्हटल्यावर विषय मिटला. ट्रस्टचा पॅन तोच राहतो, नवा काढू नका. आयकराच्या पोर्टलवर सही करणारी व्यक्ती तेवढी बदला.

वारस आधीच लागले असतील तर

नोटीस नुकतीच निघाली असेल तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. मग नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी होते. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 247 खाली अपील, 60 दिवसांत. उशीर झाला असेल तर कलम 251 प्रमाणे माफीचा अर्ज सोबत. आम्हाला नऊ महिने उशीर झाला होता. चुलतभावांनी आमच्या बाजूने लिहून दिलं म्हणून निभावलं.

पण काय लिहून घ्यायचं ते जपून ठरवा. गावातल्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, “पोरांकडून हक्कसोड घ्या, आठवड्यात काम होईल.” तो सल्ला आम्ही ऐकला असता तर फसलो असतो. हक्कसोड पत्र तोच देतो ज्याचा हक्क असतो. ते घेतलं की काकांची मालकी होती हे आपणच कबूल केलं, आणि उद्या तिसरा वारस, काकांची विवाहित मुलगी, म्हणू शकते की माझा हिस्सा तर मी सोडलेला नाही. आम्ही तिघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतलं: वडिलांचा या मिळकतीत वैयक्तिक हक्क नव्हता, ते विश्वस्त होते, वारसांची नावं गैरसमजाने लागली.

जुन्याकडून नव्याकडे

दस्त झाल्याच्या आठवड्यात सगळ्यांनी एकदा टेबलाभोवती बसा. मूळ न्यासपत्र, खरेदीखतं, कराच्या पावत्या, भाडेकरार, पासबुकं, ठेवीच्या पावत्या, लॉकरची किल्ली: यादी करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या. नव्या विश्वस्ताचं पहिलं कर्तव्यच मिळकत समजून घेणं आणि ताब्यात घेणं हे आहे. गेल्या काही वर्षांचा हिशेब तिथेच मागा. मोकळा होणारा माणूस वडीलधारा असला की मागायला जीभ रेटत नाही. वकीलकाकांकडे मलाही जड गेलं. त्यांनी मात्र हसत 1996 पासूनची वही काढली, वर्षागणिक, शाईने लिहिलेली.

तीन दस्त, दोन फेरफार, एक अपील मिळून आमची चौदा महिने धावपळ झाली. प्रांतांच्या आदेशानंतर चुलतभावांची नावं निघाली, नव्या विश्वस्तांची लागली. नवा सातबारा हातात घेतला तर गट बरोबर, क्षेत्र बरोबर, नावं बरोबर, आणि ‘विश्वस्त’ हा शब्द मामेमावशीच्या नावापुढे आहे, बाकी दोघांच्या नावापुढे नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल अधिनियमाच्याच कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज असतो. तो गेल्या मंगळवारी दिला, पोच घेतली आहे.